गाणेबाई हजर आहेत

१

"मेलेल्या बाईच्या नावाने कोणी रोज संध्याकाळी वर्ग घेत असेल, तर तो कुठल्या कलमात बसतो?"

शिवाजी पार्कला आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घराच्या गॅलरीत बसून रघुवीर टिपणीस मला हे विचारत होते. मी म्हटलं, "साहेब, मी हवालदार म्हणून रिटायर झाले, वकील म्हणून नाही. कलमं वरचे लोक लावायचे. आम्ही माणूस धरून आणायचो."

"मला माणूसच पाहिजे," ते म्हणाले.

त्यांच्या बायकोला, नलू टिपणीसना, मी लहानपणापासून ओळखत होते. परळच्या शाळेत पाचवीला त्या आम्हाला गाणं शिकवायला होत्या. मला शिकवलं असं नाही म्हणता येणार, कारण माझा आवाज म्हणजे गिरणीचा भोंगा. पण बाईंनी कधी तोंड वाकडं केलं नाही. म्हणाल्या, "सुचित्रा, तू टाळ्या वाजव. ताल तुझ्याकडे." मला बढती मिळाल्यासारखं वाटलं होतं. नंतर कळलं, बाईंनी मला गोड बोलून गप्प केलं होतं. तरी राग नाही आला.

अशा बाईला घशाचा कॅन्सर व्हावा? देवाला काही लाज आहे की नाही! ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढलं. मग त्या पाटीवर लिहून बोलायच्या. कंटाळून आडव्या पडल्या असत्या, पण मुलीने टॅबवर त्यांना एक खेळ लावून दिला, गुलमोहर विद्यालय. ही शाळा फक्त इंटरनेटवर भरते. कुठली कुठली माणसं त्यात पात्रं घेतात, कोणी हेडमास्तर, कोणी शिपाई, कोणी विद्यार्थी. स्क्रीनवर प्रत्येकाची एक बाहुली आणि बोलणं सगळं टाईप करून. बोटाने वाजवायची एक पेटीसुद्धा आहे. टिपणीसबाई तिथे आठवी ब च्या गाणेबाई झाल्या. तिथे आवाज लागत नव्हता ना.

"नोव्हेंबरात ती गेली," टिपणीस म्हणाले. "दिवसकार्य आटोपलं. आणि एका संध्याकाळी सहा वाजता गाणेबाई वर्गात हजर. तिच्याच नावाने, तिच्याच बाहुलीत."

"तुम्हाला कसं कळलं?"

त्यांनी चष्मा पुसायला घेतला. "कळलं. बघितलं कोणीतरी." मग घाईने म्हणाले, "तो माणूस लिहितो तिच्यासारखंच. पण नलू वर्ग संपला की 'येते' म्हणायची. हा नुसतं 'वर्ग सुटला' लिहितो."

पासवर्ड तिघांना माहीत असू शकत होता. खातं उघडून देणारी मुलगी मनवा, घरातच राहणारा मुलगा ध्रुव, आणि खेळातल्या शाळेचा हेडमास्तर हितेंद्र.

"तिघांतला जो असेल त्याला आत टाका," टिपणीस म्हणाले.

"पोटचं पोर निघालं तर?"

"मुलगा निघाला तर आधी." हे त्यांनी मुद्दाम मोठ्याने म्हटलं. आतल्या खोलीचं दार बंद होतं. दाराशेजारी बाईंची पेटी खोळ घालून ठेवली होती आणि खोळीवर धूळ होती.

मी निघाले. ते दारापर्यंत आले. "सावकाश जा हं, सुचित्राबाई. छत्री घेतलीत ना?"

जानेवारी चालू होता. बाहेर लख्ख ऊन. मला वाटलं, बायकोच्या दुःखाने म्हाताऱ्याचं डोकं जरा सरकलंय.

२

लालबागला घरी येऊन मी फोनवर गुलमोहर विद्यालयात नाव घातलं. नाव ठेवलं 'सुची'. वय तेरा. दोन वेण्यांची बाहुली.

लवू, माझा नवरा, कॉटवरून बघत होता. "आता म्हातारपणात आठवीत जातलंस काय गे?"

"तू गप रव," मी म्हटलं.

सहाला वर्ग भरला. चारपाच पोरं बाकांवर. फळ्यासमोर जांभळ्या साडीतली बाहुली. बाईंना जांभळा रंग आवडायचा.

'हजेरी,' बाहुलीने लिहिलं. पोरांनी टपाटप 'प्रेझेंट बाई' लिहिलं. पहिल्या बाकावरच्या पिंट्या नावाच्या पोराने मात्र लिहिलं, 'हजर.'

मग पेटी. बाई एकेकाला सूर वाजवायला सांगत होत्या. पिंट्याला 'ग' सांगितला, त्याने 'म' वाजवला. 'परत,' बाईंनी लिहिलं. परत 'म'. पोरं हसली. बाई चिडल्या नाहीत. 'पिंट्या, परत.' जो कोणी हा लबाड होता, त्याला धीर होता हे मला मान्य करावं लागलं.

मी हात वर केला. 'बाई, मी नवीन आहे. सारेगम लक्षात राहत नाही.'

हा माझा सापळा. टिपणीसबाईंची सारेगम लक्षात ठेवायची एक युक्ती होती, वाण्याच्या दुकानातली. सा साखर, रे रवा, ग गूळ, म मटकी, प पापड, ध धणे. 'नी'चं काही सापडेना म्हणून निवडलेले तांदूळ. परळच्या आमच्या अख्ख्या पिढीला हे पाठ आहे. म्हटलं, बघू या ह्या बेट्याला येतं का.

त्याला आलं. अक्षरं भराभर उमटली.

'सा साखर. रे रवा. ग गूळ. म मनू. प पापड.'

आणि मग काही नाही. बाहुली नुसती उभी. मला वाटलं, नेट गेलं. बऱ्याच वेळाने पुढचं आलं.

'ध धणे. नी निवडलेले तांदूळ.'

एका पोरीने विचारलं, 'बाई, म ची मटकी ना?'

'हो हो. मटकीच,' बाईंनी लिहिलं. 'वर्ग सुटला.' आणि जांभळी साडी गायब.

मटकीच्या जागी ही मनू कोण आली?

३

हितेंद्रचं गिरगावात लग्नपत्रिकांचं दुकान आहे. चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा. मी दुकानात उभी राहून त्याला दमातच घेतलं. "गुलमोहरचे हेडमास्तर तुम्हीच ना? गाणेबाईंचं खातं तुम्ही उघडू शकता?"

"पासवर्ड विसरल्या होत्या तेव्हा मीच बदलून दिला होता. का हो? बाईंनी तक्रार केली का?" तो उठूनच उभा राहिला. "संमेलनाचं स्वागतगीत बसवायची घाई केली मी, त्याचा राग आला असेल. पण ताई, मी रागावून नव्हतो हो बोललो. त्या आजारी आहेत हे माहीत आहे मला."

तीस वर्षं खोटारडे बघितलेत. हा त्यातला नव्हता.

"हितेंद्रभाऊ, बाई नोव्हेंबरात गेल्या."

"असं कसं? काल वर्ग घेतला त्यांनी!"

तो खाली बसला. हातात कोणाच्या तरी लग्नाच्या पत्रिका होत्या, त्या तशाच मांडीवर. "मी रोज त्यांना गुड मॉर्निंग पाठवत होतो," तो म्हणाला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. आयुष्यात एकदाही समोरासमोर न भेटलेल्या बाईसाठी. मला त्याच्यावर चढवलेल्या आवाजाची लाज वाटली. मी त्याला पाणी दिलं, त्याच्याच माठातलं.

जाताना त्याने विचारलं, "मग काल वर्गात कोण होतं?"

४

मनवा वरळीला राहते. सासरी सगळे बाहेर गेले होते आणि ती घरून ऑफिसचं काम करत होती. मी 'मेलेल्या आईच्या नावाने' असं म्हटल्यावर तिचा चेहरा पांढरा पडला.

"मावशी, मी नाही. मला तो टॅब बघवतसुद्धा नाही."

"तुला घरात काय म्हणतात गं?"

"मनू. का?"

मी नुसतं म्हटलं, "सा साखर, रे रवा, ग गूळ..."

"म मनू!" ती एकदम म्हणाली, आणि हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "प पापड, ध ध्रुव. शाळेत मटकी न् धणे, पण आमच्या घरात आम्ही दोघं होतो त्यात. आई पोळ्या करताना आम्ही ओट्याशी बसून म्हणायचो. तुम्हाला कोणी सांगितलं?"

म्हणजे हितेंद्र सुटला. घरातली ओळ बाहेरच्याला माहीत असायचं कारण नाही. राहिली दोन भावंडं.

"ध्रुव आणि बाबा बोलतात का?" मी विचारलं.

"एका घरात राहतात, एवढंच. ऑपरेशन करायचं ध्रुवने ठरवलं. बाबा नको म्हणत होते. डॉक्टर म्हणाले, नाही केलं तर सहा महिने. दोन वर्षं मिळाली आईला. पण बाबा एकच धरून बसलेत, ह्याने तिचा आवाज घेतला." तिने डोळे पुसले. "तुम्ही त्याला पकडून देणार का? म्हणजे... कोणी का असेना, त्याला?"

मला माणूस कळला होता. पण त्या वर्गात आणखी एकजण होता जो मला खुपत होता.

५

वर्गात वर सरकवत गेलं की जुन्या तासांतलं सगळं बोलणं दिसतं. दुपारी भात टाकून मी बाई हयात असतानाचे तास वाचत बसले. बाईंची अक्षरं ओळखू आली मला, म्हणजे त्यातली माया. पाटीवर दोन शब्द लिहिणारी बाई तिथे भरभरून बोलत होती.

प्रत्येक तासाचा शेवट सारखा. बाई लिहायच्या, 'येते हं बाळांनो.' सगळी पोरं 'बाय बाई' करून पळायची. पिंट्या मागे राहायचा.

'सावकाश. छत्री घेतलीत?'

'घेतली रे,' बाई लिहायच्या.

पावसाळ्यात ठीक. पण हे मार्चमध्ये होतं, मेमध्ये होतं, दिवाळीत होतं. आणि एके दिवशी बाईंनी पुढे लिहिलं होतं, 'पिंट्या, जेवण झाल्यावर बीपीची गोळी विसरू नकोस.'

आठवीतल्या पोराला बीपीची गोळी? भात करपला, लवू ओरडला, मला ऐकू आलं नाही. मी चपला घातल्या आणि परळचा रस्ता धरला.

ध्रुव तिथल्या एका काचेच्या टॉवरमधल्या ऑफिसात काम करतो. खाली आला. दाढी वाढलेली, आईचेच डोळे. आम्ही बाहेरच्या कट्ट्यावर बसलो.

"ध म्हणजे काय रे?" मी विचारलं.

"धणे," तो म्हणाला. फार पटकन म्हणाला.

"घरात काय होतं?"

तो बुटाची लेस बांधायला वाकला.

"ऐक," मी म्हटलं. "तोंडात बसलेली ओळ माणूस न बघता लिहून जातो. बहिणीचं नाव तू तसंच लिहून गेलास, तुला कळलंसुद्धा नाही. स्वतःचं नाव आलं तेव्हा दचकलास. थांबलास. मग धणे लिहिलेस. मनवा असती तर उलट झालं असतं, ती 'म'वर अडली असती आणि ध्रुव लिहून गेली असती."

त्याने नाकारलं नाही. हातांत तोंड धरून बसला. मग म्हणाला, "मी ते खातं बंद करायलाच उघडलं होतं, मावशी. वर्गात एक पोरगा एकटा बसला होता. बाई नाहीत, वर्ग नाही, तरी रोज येऊन 'हजर' लिहून जात होता. एकाखाली एक नुसतं हजर, हजर. मी उघडलं तशी आईची बाहुली उभी राहिली, आणि त्याने लिहिलं, 'बाई, आलात?'" त्याचा आवाज फाटला. "काय सांगणार? लहान पोर आहे, तुझ्या बाई मेल्या असं सांगू? मी लिहिलं, 'आले रे.' मग रोजच जावं लागलं. त्याला सांगायचा धीर झाला नाही."

"मग 'येते' का लिहीत नाहीस?"

"शेवटचं हॉस्पिटलला नेत होतो तेव्हा आईने दारात पाटी धरली. 'येते.' बाबांच्या दिशेने धरली होती. परत हॉस्पिटल नको म्हणून ते माझ्यावर चिडले होते, गॅलरीतून उठलेच नाहीत. तिने बराच वेळ पाटी धरली. मग मीच लिफ्ट बोलावली. तो शब्द माझ्याच्याने लिहवत नाही, मावशी."

"जुने तास वाचलेस?"

"नाही. तिचं लिहिलेलं वाचवत नाही मला."

"बरं. आज सहाला घरी बसून वर्ग घे. आणि शेवटी 'येते' लिही."

"का?"

"हवालदारणीने सांगितलं की करायचं. प्रश्न नंतर."

६

सहाला मी टिपणीसांच्या हॉलमध्ये होते. म्हटलं, "साहेब, माणूस सापडलाय. थोडा वेळ बसते." ते गॅलरीत गेले. फोन काढून पाठमोरे बसले, बातम्या बघतो म्हणाले. आतल्या खोलीचं दार बंद होतं. मी मधोमध, पेटीच्या शेजारी, माझा फोन घेऊन.

'हजेरी.'

'हजर,' पिंट्याने लिहिलं. गॅलरीत टिपणीसांचा अंगठा हलला होता.

आत मुलगा आई झाला होता आणि बाहेर बाप विद्यार्थी. मध्ये एक दार आणि दहा पावलांचा हॉल. पोलिसात बरंच बघितलं, पण असलं कधी नव्हतं बघितलं.

'पिंट्या, ग वाजव.' त्याने म वाजवला. 'परत.' परत म.

मग बराच वेळ काही आलं नाही. आणि मग आलं.

'बरं बाळांनो. येते.'

पोरं पळाली. गॅलरीत टिपणीस फोनवर वाकले. मला वाटलं, आता फोन बंद करणार. पण ते लिहीत होते. एक एक अक्षर दाबून. माझ्या स्क्रीनवर उमटलं,

'सावकाश ये. छत्री घेतलीस?'

घेतलीत नव्हे. घेतलीस.

आत खुर्ची आपटली. दार उघडलं. ध्रुव टॅब हातात धरून उंबऱ्यात उभा. ते वाक्य त्याने जन्मापासून रोज सकाळी बाबांच्या तोंडून ऐकलं होतं, आई शाळेला निघताना.

"बाबा," तो म्हणाला. "पिंट्या... तुम्ही?"

टिपणीस वळले. मुलाच्या हातातला टॅब बघितला. त्यावरची जांभळी साडी बघितली.

मी म्हटलं, "साहेब, माणूस धरून आणलाय. कुठलं कलम लावू?"

ते खुर्चीत बसले, मग बोलायला लागले, माझ्याशी की मुलाशी कोण जाणे. "ती पाटीवर लिहायची, मला ते बघवत नव्हतं. मी उठून जायचो. आणि तिथे वर्गात ती इतकी बोलायची... म्हटलं, आपणही जाऊन बसावं. तिला कुठे कळणार होतं?"

"कळलं होतं," मी म्हटलं. "बीपीची गोळी कोणाला सांगायच्या मग? आठवीतल्या पिंट्याला?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा पार कोसळला. सत्तरी उलटलेला माणूस असा हुंदके देताना बघणं फार वाईट. "त्या दिवशी दारात उभी होती," ते म्हणाले. "येते म्हणत होती. मला दिसत होतं, ध्रुव. मी विचारलं नाही. एवढ्या वर्षांत त्या एकाच दिवशी विचारलं नाही."

ध्रुव आत गेला. कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात हॉस्पिटलची पिशवी होती, तेव्हापासून न उघडलेली. त्याने चेन ओढली. टॉवेल, कंगवा, पाटी. आणि तळातून काढली एक जुनी, काळी, घडीची छत्री.

"घेतली होती, बाबा," तो म्हणाला. "लिफ्टपाशी जाऊन तिने मला परत पाठवलं, खुणेने. मी म्हटलं, आई, नोव्हेंबर आहे, कशाला? तिने ऐकलं नाही. तुम्ही गॅलरीतच होता. तुमच्या मागून घेऊन गेलो मी."

टिपणीसांनी छत्री हातात घेतली, मांडीवर आडवी ठेवली. ध्रुव त्यांच्या पायाशी जमिनीवर बसला.

मी चपला घातल्या. दारातून "येते" म्हटलं. कोणाला ऐकू गेलं नाही, आणि जायचं कारणही नव्हतं. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात मी खाली बसले आणि पदर तोंडाला लावून मोकळी रडले. बाई गेल्याचं कळलं त्या दिवशी रडले नव्हते, ते आता निघालं. वर जाणाऱ्या एका गृहस्थाने विचारलं, काय झालं. म्हटलं, "काही नाही, चपलेचा अंगठा तुटला." 

तेवढ्यात वरून खोळ झटकल्यासारखा आवाज आला. मग भाता. खरी पेटी, दोन वर्षं बंद असलेली, आधी नुसती श्वास टाकल्यासारखी वाजली. मग कोणीतरी एक सूर दाबला. गाण्यातलं मला काही कळत नाही, पण हा सूर मी रोज ऐकत होते.

'ग'च्या जागी 'म'.

"बाबा," ध्रुव म्हणत होता, "परत."